डबा थंड ठेवा

“तुमचं कार्ड सांगतं अडुसष्ट. हा माणूस लिहितो चव्वेचाळीस. दोघांपैकी एक जण खोटं बोलतोय,” पाठक साहेब म्हणाले, “आणि कार्डाला खोटं बोलून काय मिळणार?”

‘हा माणूस’ म्हणजे नामदेवभाऊ झाडे. ते टेबलाच्या पलीकडे छातीशी रजिस्टर धरून उभे होते. मी खुर्चीत बसलो होतो, माझ्यासमोर चहा होता आणि चहाशेजारी नामदेवभाऊंच्या नावाचा टाइप केलेला मेमो. रजिस्टरमध्ये खोट्या नोंदी केल्याबद्दल तुम्हाला गोडाऊनमध्ये कापसाच्या गाठी मोजायच्या कामावर का पाठवू नये, याचा लेखी खुलासा सोमवारपर्यंत द्या, असा त्यातला मजकूर होता. नामदेवभाऊंचं वय तेव्हा बावन्न. त्यातली वीस वर्षं त्यांनी गिरणीतली हवा मोजण्यात घालवली होती.

पाठक साहेब गिरणीचे मॅनेजर. माणूस हुशार, पण कुठल्याही गोष्टीचा निकाल चहा संपायच्या आत लावायची त्यांना सवय होती.

“आणि गंमत बघा,” ते मला म्हणाले, “तुम्ही इथे असलात की याचं रीडिंग तुमच्या कार्डाशी जुळतं. तुम्ही वर्ध्याला गेलात की बिघडतं. यावरून काय समजायचं?”

“साहेब, मी जे दिसते तेच लिहितो,” नामदेवभाऊ म्हणाले. “हवा कोरडी होऊन राह्यली. शेडातल्या जॉबरले विचारा. सूत पटापट तुटून राह्यलं.”

“सूत कापसामुळे तुटतं. कापूस खराब आलाय यंदा.”

खरं सांगतो, त्या वेळी मला नामदेवभाऊंची कीव आली, पण त्याहून जास्त मला बरं वाटत होतं. माझ्या कार्डावर एका मॅनेजरने इतका विश्वास टाकला होता. पॉलिटेक्निकमध्ये माझ्यावर इतका विश्वास प्राचार्यांचाही नव्हता.

“तुम्ही एक करा,” पाठक साहेब म्हणाले. “कार्ड बरोबर आहे, असं लेटरहेडवर लिहून द्या. मेमोला जोडतो.”

मी म्हणालो, “देतो.”

आता थोडं मागे जातो.

गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धातली. मी वर्ध्याच्या एका पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचो आणि सिंदी मेघेला भाड्याच्या घरात राहायचो. समुद्रपूरच्या वाटेवर एक सूतगिरणी होती. तिचं नाव सांगत नाही. सूतगिरणीत हवेच्या दमटपणाला फार महत्त्व. तिथे सगळे त्याला ह्युमिडिटी म्हणत, म्हणून मीही तेच म्हणतो. ती टक्क्यांत मोजतात. शंभर म्हणजे हवेत आणखी पाणी मावतच नाही. हवा फार कोरडी झाली तर सूत तुटतं, फार दमट झाली तर रोलरला गुंडाळलं जातं. त्यामुळे पंचावन्न ते साठच्या मध्ये ठेवायची. आपल्याकडच्या उन्हाळ्यात बाहेर ती पंधरावर येते. म्हणून गिरणीला लागून एक मोठी खोली होती. तिथे पाण्याचे फवारे उडायचे आणि पंखे ती ओली हवा आत ढकलायचे. या सगळ्या व्यवस्थेला गिरणीत नुसतं ‘प्लँट’ म्हणत.

फवारे कधी सुरू करायचे, कधी बंद, हे नामदेवभाऊ ठरवायचे. त्यांच्याकडे एका लाकडी चौकटीत दोन थर्मामीटर होते. एक उघडा, दुसऱ्याच्या टोकाला ओली वात. चौकट मुठीत धरून गरगर फिरवायची. हवा जितकी कोरडी, तितकं वातीतलं पाणी भराभर उडतं आणि तो थर्मामीटर खाली उतरतो. दोघांतला फरक तक्त्यात बघितला की टक्के मिळतात. दर दोन तासांनी नामदेवभाऊ शेडच्या मधोमध उभे राहून चौकट फिरवायचे. गिरणीत त्यांना ‘फिरकीवाले’ म्हणत, आणि त्यांना ते नाव आवडायचं.

मग गिरणीने पुण्याच्या एका कंपनीकडून फवाऱ्यांसाठी कंट्रोलर घेतला. मायक्रोकंट्रोलरवर चालणारा. मायक्रोकंट्रोलर म्हणजे एकाच चिपमध्ये बसवलेला छोटा कॉम्प्युटर. त्याला एक हिशोब शिकवला की तो मरेपर्यंत तोच करत बसतो. पंचावन्नच्या खाली गेलं, पंप सुरू. साठच्या वर गेलं, पंप बंद. अडचण एवढीच की ह्युमिडिटी किती आहे हे त्याला कळायला हवं, आणि ते कळवणारं छोटं कार्ड, म्हणजे सर्किटची पट्टी, कंपनीने पाठवलंच नव्हतं. कंपनीचा इंजिनिअर दोनदा आला. दोन्ही वेळा त्याने कंट्रोलरवरची रिकामी जागा सगळ्यांना दाखवली आणि इथे कार्ड येईल असं सांगून तो परत गेला.

शेवटी पाठक साहेब आमच्या पॉलिटेक्निकमध्ये आले. “असं कार्ड तुम्ही कराल का?”

“सोपं आहे,” मी म्हणालो. तोवर मी ह्युमिडिटीचा सेन्सर डोळ्यांनी पाहिलेला नव्हता.

पण खरोखरच ते फार अवघड निघालं नाही. मुंबईहून एक सेन्सर मागवला. नखाएवढी चकती, वर जाळीची टोपी. आत एक पातळ थर असतो, तो हवेतली वाफ शोषतो. जितकी वाफ जास्त, तितकी त्याची वीज साठवायची क्षमता वाढते. वाढते म्हणजे किंचित. ती मोजण्यासाठी मी एक साधा ऑसिलेटर केला, म्हणजे सतत टिकटिक करणारं सर्किट. हवा दमट झाली की टिकटिक मंदावते, कोरडी झाली की वेगात होते. कंट्रोलरने एका सेकंदात किती टिकटिक झाल्या ते मोजायचं आणि टक्के काढायचे. एक आयसी, चार-पाच रेझिस्टर, दोन कपॅसिटर. बस.

प्रिंटेड सर्किट बोर्ड मी घरीच केला. तांब्याचा पत्रा फेरिक क्लोराइडमध्ये बुडवून नको असलेलं तांबं काढून टाकायचं. ते काम मोरीत केलं. त्याचे तपकिरी डाग पुढे मी घर सोडेपर्यंत तिथे होते, आणि माझी बायको मंदा येणाऱ्या-जाणाऱ्यांना ते ‘यांचं संशोधन’ म्हणून दाखवायची.

तिचा दुसरा आक्षेप लोणच्याच्या बरणीवरून होता. कार्ड बरोबर मोजतंय की नाही हे तपासायला माहीत असलेली ह्युमिडिटी लागते. त्यासाठी जुना, खात्रीचा उपाय म्हणजे मीठ. बरणीत मिठाचा ओला चिखल ठेवून झाकण घट्ट लावलं की आतल्या हवेची ह्युमिडिटी पंचाहत्तरवर येऊन थांबते. मी बरणीत सेन्सर लोंबकळत ठेवला आणि तीन तास तिच्यासमोर बसलो.

“काही उबणार आहे का त्यातून?” मंदाने विचारलं.

“पंचाहत्तर येणार आहे.”

“आणि माझं लोणचं कशात घालू?”

पंचाहत्तर आलं. पुढे तिला मी नवी बरणी आणून दिली, पण ती लहान होती असं तिचं अजूनही म्हणणं आहे.

मार्चच्या सुरुवातीला मी कार्ड बसवायला गेलो. शेडच्या मधल्या खांबावर, डोक्याच्या थोडं वर, एक पत्र्याचा डबा लावला. चारही बाजूंनी आणि खालून भोकं पाडलेला. आत माझं कार्ड आणि सेन्सर. तिथून एक जाड वायर प्लँटच्या खोलीतल्या कंट्रोलरकडे गेली, आणि त्याच्या पेटीच्या दारावर लाल आकडे उमटले. सत्तावन्न. नामदेवभाऊंनी चौकट फिरवली. त्यांचेही सत्तावन्न.

“याले फिरवा नाई लागत?” त्यांनी विचारलं.

“नाही. आपोआप कळतं त्याला.”

“बरं हाये. माह्या खांद्याले आराम.” ते हसून बोलले, पण डब्याकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिले.

पाठक साहेबांना मी त्या दिवशी अर्धा तास सगळं समजावून सांगितलं. सेन्सर, वाफ, टिकटिक, सगळं. कागदावर आकृती काढून दिली. ती त्यांनी घडी करून खिशात ठेवली. नामदेवभाऊंना मात्र निघता निघता, एक पाय दाराबाहेर असताना, एवढंच सांगितलं, “भाऊ, उन्हाळा येतोय. त्या डब्याला गरम होऊ देऊ नका. डबा थंड ठेवा.”

सूचना योग्यच होती. गरमीने ऑसिलेटरची टिकटिक थोडी इकडेतिकडे होते आणि आकडे हलतात. पत्र्याच्या छतातून येणारा उन्हाचा कवडसा दुपारी त्या खांबावर पडायचा, तो तेवढा अडवा, असं माझ्या मनात होतं. ते माझ्या मनातच राहिलं.

मार्चभर सगळं सुरळीत चाललं. कार्ड आणि नामदेवभाऊ यांच्यात एक-दोन टक्क्यांचा फरक. पाठक साहेबांनी दर पाहुण्याला लाल आकडे दाखवले. बाकीच्या पाच विभागांसाठी अशीच पाच कार्डं करायची असं तोंडी ठरलंही. मी मोरीतल्या कामाचं वेळापत्रक आखलं. मंदाला अजून सांगितलं नव्हतं.

एप्रिलमध्ये ऊन तापलं आणि फोन आला. कार्ड चौसष्ट दाखवतंय, नामदेवभाऊ पन्नास. साठच्या वर आहे म्हणून कंट्रोलर पंप बंद ठेवतोय, आणि सूत तुटतंय.

मी लगेच निदान केलं. गरमी! ऑसिलेटर तापला असणार. फोनवर नामदेवभाऊंना बोलावून घेतलं.

“भाऊ, डबा थंड ठेवता ना?”

“ठेवतो न जी साहेब.”

“आणखी थंड ठेवा. नीट लक्ष द्या.”

“होय जी.”

दुसऱ्या दिवशी कार्ड बहात्तरवर गेलं.

म्हणजे माझं निदान बरोबर होतं, असं मी धरून चाललो. गरमी वाढतेय, आकडा वाढतोय. येतोय असं आदल्या दिवशी फोन करून कळवलं आणि गिरणीत गेलो. जाऊन बघतो तर कार्डही बावन्न आणि चौकटही बावन्न. डब्याला हात लावला, छान गार. कार्ड काढून घरी आणलं. बरणीत ठेवलं, पंचाहत्तर. दिव्याखाली तापवलं, दोन टक्के हललं. तेवढंही हलू नये म्हणून मी त्यात एक जास्तीचा भाग घातला आणि परत बसवून आलो. माझ्यासमोर दोन तास बिनचूक. मी वर्ध्याला पोचलो आणि दुसऱ्या सकाळी फोन. अडुसष्ट आणि चव्वेचाळीस.

असं दोनदा झालं. पाठक साहेबांनी त्यातून जो निष्कर्ष काढला तो तुम्ही सुरुवातीला ऐकलाच आहे. मी तिथे असताना जुळतं, नसताना जुळत नाही, म्हणजे मी नसताना नामदेवभाऊ शेडमध्ये न जाता बसल्या जागी आकडे लिहितात. ऐकायला अगदी पटण्यासारखं. मलाही पटलं. मला ते पटावं अशी माझी इच्छा होती, हेही सांगून टाकतो.

मेमोची ती बैठक गुरुवारी झाली. शुक्रवारी मी लेटरहेडवर पत्र टाइप करून घेतलं. ‘सदर कार्ड आम्ही सर्व चाचण्यांती निर्दोष असल्याचे प्रमाणित करतो’ वगैरे. ‘आम्ही’ म्हणजे मी. शनिवारी ते द्यायला निघालो. जाण्याआधी फोन करायची माझी पद्धत होती, पण त्या दिवशी कॉलेजचा फोन बंद होता. तसाच एसटीत बसलो.

गिरणीच्या फाट्यावर उतरलो तेव्हा अकरा वाजले होते. ऑफिसकडे न जाता आधी शेडमध्ये शिरलो. पत्र देण्यापूर्वी एकदा आपलं कार्ड डोळे भरून पाहावं एवढाच हेतू. आत हवा इतकी कोरडी की घशाला खरखर जाणवली. कापसाचे तंतू उडत होते, आणि बायका-माणसं तुटलेलं सूत सांधत एका टोकापासून दुसऱ्या टोकाला धावत होती.

मधल्या खांबावर माझा डबा दिसत नव्हता. तिथे एक गोणपाट होतं. दुहेरी, चांगलं जाड, सुतळीने व्यवस्थित बांधलेलं, आणि ओलंचिंब. खालून थेंब पडत होते, ते झेलायला जमिनीवर एक घमेलं ठेवलेलं. शेजारी स्टुलावर नामदेवभाऊ उभे, हातात पाण्याचा मग. ते हळूहळू, एकही थेंब वायरवर पडू न देता, गोणपाटावर पाणी सोडत होते.

मला पाहून ते घाईघाईने खाली उतरले. “अरे साहेब! आज फोन नाई, काही नाई?”

“नामदेवभाऊ, हे काय आहे?”

“काय म्हंजे?” ते गोंधळले. “तुमीच त सांगतलं, डबा थंड ठेवा म्हून. पह्यले एक गोणपाट लावलं. मंग तुमी फोनवर म्हणलं आणखी थंड ठेवा, त दुसरं लावलं. दर घंट्याले पानी टाकतो. भोकं खालून उघडी ठेवली, पाहा.”

भोकं खरंच उघडी होती. ओल्या गोणपाटाची सगळी वाफ त्यातून आत जायला.

“पण मी आलो तेव्हा हे कधीच नव्हतं!”

“तुमी येनार असले का काढून ठेवतो न जी. एवढं नवं मशीन, अन् त्याले फाटकं गोणपाट. नव्या नवरदेवाले जुनं पोतं पांघरल्यावानी दिसते. साहेब लोकांपुढं बरं नाई वाटत.”

मी त्या स्टुलावर बसलो.

तुम्ही म्हणाल, वीस वर्षं ह्युमिडिटी मोजणाऱ्या माणसाला एवढं कळू नये? मीही तेच म्हणणार होतो. पण त्यांच्याशी बोलल्यावर लक्षात आलं की त्यांनी सगळं विचार करूनच केलं होतं. ओल्या वातीने थर्मामीटर उतरतो, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? गार करायचं तर ओलं कापड. इकडे उन्हाळ्यात रांजणाला, खिडकीला, डोक्याला तेच करतात. आणि हवा मोजणारी वस्तू त्या डब्यात आहे हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. त्यांची समजूत अशी की हवा प्लँटच्या खोलीत, लाल आकड्यांच्या पेटीत मोजली जाते. खांबावरचा डबा म्हणजे तिचं डोकं, आणि डोकं थंड पाहिजे. शेडमधल्या बाकीच्यांना वाटलं होतं की गोणपाट मशीनबरोबरच पुण्याहून आलं.

मी त्यांना तिथेच सेन्सर दाखवला. बोटाने दाखवून सांगितलं, हवा ही चकती मोजते. त्यांनी वाकून, खालच्या भोकांतून चकती पाहिली. मग त्यांनी सुतळी सोडली, गोणपाट काढलं आणि आम्ही वाट पाहिली. पाऊण तासात आकडा उतरत उतरत पंचेचाळीसवर आला. त्यांनी चौकट फिरवली. पंचेचाळीस. प्लँटमध्ये खटकन आवाज झाला आणि पंप सुरू झाला.

“म्हंजे तुमचं मशीन खरंच बोलून राह्यलं होतं,” नामदेवभाऊ म्हणाले. “गोणपाटात अडुसष्टच होतं.”

“हो. आणि तुम्हीही.”

त्यांना एवढा आनंद झाला की त्यांनी मला आपल्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी-भाकर खायला लावली. आता मेमोचं काही राहिलं नाही, असं आम्हा दोघांनाही वाटलं. आम्ही दोघंही जरा भोळेच.

पाठक साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. चहा आला. मग ते म्हणाले, “म्हणजे कार्डात दोष नव्हता.”

“नव्हता.”

“या माणसाने यंत्राला ओली गोणी बांधली. त्यामुळे पंप बंद राहिला, आणि दोन आठवडे माझं सूत तुटलं. अहो, खोट्या नोंदीपेक्षा हे भारी आहे! ही यंत्राशी छेडछाड. याला गोडाऊन नाही, घरी पाठवायला पाहिजे. याला कोणी सांगितलं होतं गोणी बांधायला?”

ते नामदेवभाऊंकडे पाहत होते. नामदेवभाऊ जमिनीकडे.

“मलेच वाटलं साहेब,” ते म्हणाले. “गरमी लय होती. माह्या मनानंच बांधलं.”

मी काही बोललो नाही.

हे लिहायला मला आजही आवडत नाही, पण अनुभव सांगायचा तर पूर्ण सांगावा. मी बोललो नाही. पाठक साहेब मेमोवर नवा मजकूर लिहायला लागले आणि मी चहा पीत राहिलो. पाच कार्डं माझ्या डोळ्यांसमोर होती. ‘सूचना चुकीची दिली’ असं म्हणणाऱ्या माणसाकडून कोण पाच कार्डं घेईल? शिवाय मी गोणपाट बांधा असं थोडंच म्हटलं होतं? थंड ठेवा म्हटलं होतं. एवढा युक्तिवाद माझ्या डोक्यात व्यवस्थित तयार झाला. कप रिकामा झाला, मी तो खाली ठेवला, आणि नामदेवभाऊंनी माझ्याकडे बघून हळूच मान हलवली. राहू द्या साहेब, अशी.

त्या मान हलवण्याने मला फार लाज वाटली. ते जर माझ्याकडे रागाने बघते, तर कदाचित मी गप्प बसून गेलो असतो.

“साहेब, लिहू नका,” मी म्हणालो. “त्यांना मी सांगितलं होतं.”

“गोणी बांधायला?”

“डबा थंड ठेवायला. एकदा इथे, एकदा फोनवर. कसा ठेवायचा ते सांगितलं नाही. आत काय आहे तेही सांगितलं नाही. फोनवर मी आणखी थंड ठेवा म्हटलं, म्हणून त्यांनी दुसरं गोणपाट लावलं.”

पाठक साहेबांनी पेन खाली ठेवलं. “हे तुम्ही लिहून द्याल?”

“देतो.”

“लेटरहेडवर?”

खिशातलं टाइप केलेलं पत्र मी काढलं, त्याची कोरी बाजू वर केली आणि तिथेच हाताने लिहून दिलं. कार्ड निर्दोष आहे. श्री. झाडे यांच्या नोंदी निर्दोष आहेत. कार्ड कसं वापरायचं याची मी दिलेली सूचना अपुरी होती, आणि सूत तुटण्याचं कारण ती सूचना. खाली सही. चार ओळी लिहायला मला पानभर आकृती काढण्यापेक्षा जास्त वेळ लागला.

पाठक साहेबांनी ते दोनदा वाचलं. मग मेमोवर आडवी रेघ मारून ‘रद्द’ लिहिलं आणि तो नामदेवभाऊंच्या हातात दिला. “जा. पंपाकडे बघा.” नामदेवभाऊ गेले.

“आणि ती पाच कार्डं?” मी विचारलं. विचारायला नको होतं, पण राहवलं नाही.

“पुढच्या वर्षी बघू,” पाठक साहेब म्हणाले.

आमच्याकडे पुढच्या वर्षी बघू याचा अर्थ काय होतो, हे कोणाला सांगायला नको. मंदाला मी एसटीतून उतरल्यावर सगळं सांगितलं. तिने आधी विचारलं, नामदेवभाऊंचं काम राहिलं ना? मग म्हणाली, बरं झालं, मोरी वाचली.

ते एक कार्ड मात्र गिरणीत टिकलं. कवडशासाठी खांबावर एक पुठ्ठ्याची झडप लावली, कोरडी. पाठक साहेबांनी नवा नियम केला की रोज सकाळी नामदेवभाऊंनी चौकट फिरवायची, कार्डाचा आकडा तीन टक्क्यांच्या आत जुळला तरच कंट्रोलरला पंपाला हात लावू द्यायचा. जुळला नाही तर कार्ड बंद, फिरकी चालू. तो नियम नामदेवभाऊ निवृत्त होईपर्यंत चालला. एक-दोनदा कार्ड बंद करायची वेळ आली. दोन्ही वेळा सेन्सरवर कापसाची धूळ बसली होती, आणि दोन्ही वेळा त्यांनी मला फोन करून, अगदी गंभीर आवाजात, कार्डाकडून लेखी खुलासा मागवू का असं विचारलं.

त्यानंतर मी बरीच कार्डं केली. ऊस, दूध, धान्याची कोठारं, कुठे कुठे लागली. प्रत्येक वेळी माहितीपत्रक छापलं, त्यात प्रत्येक सूचनेखाली तिचं कारण लिहिलं. पण माझा भर त्या छापील कागदावर नसतो. कार्ड बसवून झालं की जो माणूस ते रोज सांभाळणार, त्याला मी बाजूला घेतो आणि म्हणतो, मी आत्ता जे सांगितलं ते मला करून दाखवा. मॅनेजर लोकांना तो वेळेचा अपव्यय वाटतो. वाटू दे. नामदेवभाऊंना मी मार्चमध्ये एवढंच म्हटलं असतं, तर त्यांनी माझ्यासमोरच गोणपाट भिजवायला घेतलं असतं.